बाळांच्या मोजणीतली काटामारी

मागच्या गळीत हंगामात तालुक्याच्या गावी एक बैठक झाली. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीतलं नऊ दिवसांचं बाळ दगावलं होतं. ती टोळी आमच्या रानात उतरली होती, म्हणून मलाही बोलावणं होतं. बाळ कशानं गेलं, कुठे उशीर झाला, आईची तब्येत कशी आहे, हे सगळं बोलणं होईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तासभर वाद चालला तो एकाच गोष्टीवर: हा मृत्यू आकड्यात धरायचा कुणाच्या? एकाचं म्हणणं, आईचा पत्ता बीडचा, तेव्हा मृत्यूही बीडचा. दुसऱ्याचं म्हणणं, शेवटचा श्वास मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर गेला, तेव्हा आपला संबंध नाही. तिसऱ्यानं तर उघडच सांगितलं, आपला जिल्हा पुढारलेला, बाहेरच्या लोकांमुळे आपला आकडा का बिघडवायचा? चहा आला, बैठक संपली. बाळ कशानं गेलं, हे कुणी विचारलंच नाही. मीही विचारलं नाही, ते मला आजही टोचतं.

तेव्हापासून सांगली-साताऱ्यात बालमृत्यूवर जे काही बोललं जातं ते मी लक्ष देऊन ऐकतोय, आणि ही चर्चा चुकीच्या जागी अडकलीय असं माझं ठाम मत झालंय. एक बाजू म्हणते, हा प्रश्न मेळघाटचा आणि नंदुरबारचा, आपला नव्हे. दुसरी म्हणते, सिव्हिलमध्ये मुलं दगावतात, डॉक्टरांना निलंबित करा आणि नवी यंत्रं आणा. मला दोन्ही पटत नाहीत. आपल्याकडच्या बाळांचे जे मृत्यू अजून थांबायचे राहिलेत, ते थांबवायची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक मृत्यू जिथे घडला तिथे, खरा आणि न भिता लिहिला जाणं. ज्या शिवारात बाळ जन्मलं त्या शिवारानं त्याला आपलं म्हणायचं, मग आईच्या आधार कार्डावर कुठलंही गाव असो. यंत्रं, डॉक्टर, योजना हे सगळं लागतंच. पण नेमकं कुठे लागतं, हे या मोजणीशिवाय कळणार कसं?

आता पहिल्या बाजूत तथ्य आहे ते आधी मान्य करतो. महाराष्ट्रानं या बाबतीत खरंच पल्ला गाठलाय. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशाचा अर्भकमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे २८ होता, महाराष्ट्राचा १६. पश्चिम महाराष्ट्रात रस्ते आहेत, एसटी आहे, तालुक्यागणिक बालरोगतज्ज्ञ आहेत. मिरजेत तर डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून अथणी-विजापूरकडचे लोकही उपचारासाठी येतात. कऱ्हाडला, सांगलीला, साताऱ्याला मोठी रुग्णालयं आहेत. पैसा आणि माणसं मर्यादित असतील तर ती आधी मेळघाटात पाठवावीत, हा युक्तिवाद मला अन्यायाचा वाटत नाही.

पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, तो सहसा कुणी वाचून दाखवत नाही. राज्याचा नवजात मृत्युदर, म्हणजे जन्मापासून २८ दिवसांच्या आतला, हजारी ११ होता. वर्षाच्या आत जाणाऱ्या दर सोळा बाळांपैकी अकरा पहिल्याच महिन्यात जातात, आणि त्यातली बहुतेक पहिल्या आठवड्यात. जुलाब, गोवर, न्यूमोनिया या मोठ्या मुलांच्या आजारांवर आपण लस, सलाईन आणि औषधांनी बरीच मात केली. उरली ती अपुऱ्या दिवसांची बाळं, जन्मतः न रडलेली बाळं, पहिल्या आठवड्यात जंतुसंसर्ग झालेली बाळं. यांना वाचवायला वर्षभराची योजना उपयोगी पडत नाही, तासांचा हिशेब लागतो. राज्यात आज सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. मग उरलेले मृत्यू दवाखान्याचेच, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. पण बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते. तिसऱ्या दिवसापासून बाळ अंगावर ओढतंय का, अंग गार पडतंय का, नाळेला वास येतोय का, हे पाहणारं कोण असतं? दवाखान्यातला जन्म हा पहिला टप्पा झाला, पुढचे २५ दिवस घराच्या उंबऱ्याआत जातात. सरासरी चांगली असलेल्या जिल्ह्यात तर उरलेले मृत्यू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. ते जतच्या वाडीवस्तीवर असतात, माण-खटावच्या टोकाला असतात, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडे कांदाटी खोऱ्यात असतात, जिथे लाँच चुकली की दिवस गेला. आणि ते उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत असतात.

यंत्रांचा आग्रह धरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. बाराशे ग्रॅमचं बाळ घरच्या मायेवर जगत नाही. त्याला नवजात शिशू विभाग लागतो, ऑक्सिजन लागतो, रात्री जागणारी परिचारिका लागते. परिचारिका हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण चर्चेत वॉर्मर आणि व्हेंटिलेटर येतात, पण एका पाळीत एका बाईनं किती बाळं बघायची हा प्रश्न येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात विभागाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तिथे यंत्रं होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात होते. त्यानंतर महाराष्ट्रानं काय पाहिलं? एका लोकप्रतिनिधीनं अधिष्ठात्यांच्या हातून स्वच्छतागृह साफ करून घेतलं, त्याचं चित्रीकरण घरोघरी पोचलं. ती बाळं तिथे येण्याआधी किती दवाखाने फिरली, कितीच्या वजनाची होती, वाटेत त्यांना ऊब मिळाली का, हे किती जणांनी वाचलं? मिरज-सांगलीच्या सिव्हिललाही हेच भोगावं लागतं. जिथे जमलं नाही तिथून शेवटच्या तासाला बाळ तिकडे पाठवलं जातं, मृत्यू तिथल्या वहीत लागतो आणि दोष तिथे चिकटतो. पाठवणाऱ्याची पाटी कोरी राहते.

शिवाय वाचवण्याचं सगळंच यंत्रात नसतं. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायचं, याला कांगारू पद्धत म्हणतात. इन्क्युबेटर पुरेनात म्हणून १९७० च्या दशकाअखेरीस कोलंबियातल्या बोगोटाच्या डॉक्टरांनी ती सुरू केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीसह आशिया-आफ्रिकेतल्या पाच रुग्णालयांतल्या अभ्यासात असं दिसलं की बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर ही ऊब दिली, तर या कमी वजनाच्या बाळांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथाईनं कमी होतात. आपल्या आज्या हेच करत होत्या असं मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या काळात बाळं फार जात होती. पण यासाठी आईला बाळापाशी जागा द्यावी लागते, खाट द्यावी लागते, तिचं जेवण बघावं लागतं. हे टेंडर काढून मिळत नाही, म्हणून भाषणात येत नाही.

मोजणीनं काय होतं याचं उत्तर गडचिरोलीनं पंचवीस वर्षांपूर्वी दिलंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी इंजेक्शन देण्याआधी गावोगाव जन्म-मृत्यू मोजले. नवजात मृत्युदर हजारी ६२ निघाला. मग ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्यांनी घरी जाऊन बाळाचं वजन केलं, ताप बघितला, संसर्गाची लक्षणं ओळखली, प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा दिलं. कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई द्यायची या कल्पनेनं तेव्हा अनेक डॉक्टर अस्वस्थ झाले होते. तीन वर्षांत दर २५ च्या आसपास आला, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं तो निष्कर्ष छापला आणि २०११ मध्ये देशानं ही पद्धत आशांच्या हाती दिली. आता दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. घरीच जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही. याच काळात, २००१ साली, ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं दाखवून दिलं की महाराष्ट्रात सरकारी कागदावरच्या बालमृत्यूंपेक्षा खरे बालमृत्यू कितीतरी पट आहेत. तो आदिवासी जिल्ह्यांचा ताळेबंद आहे असं समजून आपण पान उलटलं.

आमच्या भागातल्या वाचकाला काटामारी हा शब्द समजावून सांगायला नको. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीमागे चार-दोन क्विंटल कमी दाखवले तर आम्ही रस्त्यावर येतो, मोर्चे काढतो, बाहेरच्या काट्यावर वजन करून पावती फडकावतो, आणि ते योग्यच आहे. पण बाळांच्या मोजणीतली काटामारी आपल्याला सलत नाही. जन्मल्यावर दोन-चार श्वास घेऊन गेलेलं बाळ ‘मृत जन्म’ म्हणून लिहिलं की अर्भकमृत्यूचा एक आकडा कमी होतो. रुग्णवाहिकेत गेलेलं बाळ दोन्ही दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यावर हरवतं. परजिल्ह्यातल्या आईचं बाळ परजिल्ह्याकडे ढकललं जातं आणि तिकडची आशाताई म्हणते, बाई तर दसऱ्यापासून गावात नाही. यात कुणी दुष्ट असतो असं नाही. आकडा वाढला की वरून विचारणा होते, खुलासा मागितला जातो, वेतनवाढ अडते. पेन हातात असलेला माणूस घाबरलेला असतो, एवढंच.

आमच्या रानात काय झालं ते सांगतो. जानेवारीचा महिना, कृष्णाकाठची थंडी. पोरगी विशीच्या आतली, दिवस भरत आलेले, तरी बांधावर मोळ्या बांधत होती. खाडा झाला की उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेतून, पैसे कापले जातात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, तेव्हा एकटी बसली तर कोयताच मोडतो. पहाटे कोपीतच बाळंत झाली. टोळीतल्या म्हातारीनं नाळ कापली. आम्ही सकाळी गुळाचा चहा आणि तूप पाठवलं, जुनी साडी पाठवली, आपलं कर्तव्य झालं असं समजून कामाला लागलो. बाळ लहानखुरं होतं. किती लहान, ते कुणी मोजलं नाही. त्या दिवशी आमच्या फडातून गेलेल्या गाडीचं वजन पावतीवर किलोपर्यंत छापून आलं होतं, ती पावती अजून फायलीत आहे. सातव्या दिवशी बाळ दूध ओढेना. नवव्या दिवशी अंग गार लागलं म्हणून मोटारसायकलवरून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुढे पाठवलं, पुढच्या दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी ओढ्याकाठी खड्डा केला. तिसऱ्या दिवशी ती पोरगी पुन्हा फडात होती. आमच्या घरापासून आशाताईंचं घर पाच मिनिटांच्या वाटेवर आहे, त्यांच्या पिशवीत बाळाचा वजनकाटा आणि तापमापक असतो. पण ती बाई त्यांच्या यादीत नव्हती, आणि त्यांना सांगावं असं आम्हा शिकल्यासवरल्या घराच्या मनात आलं नाही.

यावर सर्वांत बळकट आक्षेप येतो तो असा: शिक्षा नाही, नुसती नोंद, मग निष्काळजीपणाला मोकळं रान मिळेल. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही, कारण तो आपल्याच जिल्ह्यांनी शिकवलेला आहे. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळजवळ एकोणीस भ्रूण पुरलेले सापडले. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८५१ होत्या. साताऱ्यात २०११ साली २८५ मुलींची ‘नकोशी’ ही नावं समारंभानं बदलावी लागली. जिथे जन्माला आलेल्या लेकीचं नाव नकोशी ठेवतात, तिथे ती तापली तर दवाखान्याची वाट किती वेगानं धरतात? निसर्गतः नवजात मुलगी मुलापेक्षा चिवट असते. तेव्हा एखाद्या गावात मुलीच जास्त जात असतील तर तिथे जंतूपेक्षा वेगळं कारण शोधावं लागतं. अशा ठिकाणी कायदा हवा, पोलीस हवेत, तुरुंगही हवा. मात्र हे ओळखायलासुद्धा आधी खरी, मुलगा-मुलगी वेगळी केलेली मोजणी लागते. खोट्या वहीत गुन्हेगारही लपतो.

म्हणून चौकशीची टेबलं दोन हवीत. गुन्ह्याचा संशय असेल ते टेबल पोलिसांचं. बाकीचं टेबल शिकण्याचं, आणि तिथे आलेल्या परिचारिकेला, आशाताईला, आईला खरं बोलल्याबद्दल भुर्दंड बसता कामा नये. केरळात २००४ पासून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं मातामृत्यूंची अशी नाव गुप्त ठेवून छाननी चालवली. त्यामुळे रक्तस्राव झालेल्या बाईला कुठे, कोणत्या क्षणी वाचवता आलं असतं हे डॉक्टरच डॉक्टरांना सांगू लागले. बालमृत्यू अन्वेषण आपल्याकडेही कागदावर आहे. घरी जाऊन आईशी बोलायचं, मृत्यूची हकिगत लिहायची, समितीपुढे ठेवायची. पण बैठकीत खुलासा आणि कारवाई हेच शब्द ऐकू येत असतील, तर आईची हकिगत लिहिणारा हात आपोआप ठरावीक उत्तर लिहितो.

धाकानं नोंद लपते, हे या मातीनं १८९७ साली पाहिलंय. पुण्यात प्लेग आला तेव्हा बंदोबस्ताचं काम रँडकडे होतं. हा अधिकारी त्याआधी आपल्या सातारा जिल्ह्यात होता आणि वाईकरांना त्याच्या कडकपणाची ओळख झाली होती. साथ रोखायचा हेतू वाईट नव्हता, रुग्ण वेगळे काढणं शास्त्राला धरूनच होतं. पण सोजीर घरात शिरू लागले तशी माणसं आजारी माणूस माळ्यावर लपवू लागली, मेलेला माणूस रातोरात हलवू लागली. नोंद गेली, साथ राहिली. त्याच साथीत सातारा जिल्ह्यातल्याच नायगावच्या सावित्रीबाई फुले मुंढव्याहून प्लेग झालेल्या एका पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच रोगानं १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याआधी चौतीस वर्षं, १८६३ मध्ये, सावित्रीबाई आणि जोतीराव या दांपत्यानं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसलेल्या विधवांना कायद्याचा धाक तेव्हाही होता, आणि धाकामुळेच बाळं विहिरीत जात होती. फुल्यांनी दार उघडं ठेवलं: इथे या, सुखरूप बाळंत व्हा, कुणी विचारणार नाही. यशवंत स्वतः त्याच दारातून आलेला. दंडानं जी बाळं वाचत नव्हती, ती त्या दारानं वाचली.

ऊसतोड टोळ्यांच्या बाबतीत हे दार उघडणं अवघड आहे असं कुणी सांगितलं तर मला पटत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो की घटना जिथे घडली तिथे नोंद व्हावी, २१ दिवसांत. पत्ता कुठला हा मुद्दाच त्यात आड येत नाही. टोळ्या कधी येतात, किती कोयते, कोणत्या गटात उतरणार, हे कारखान्याच्या शेती खात्याला आधीच माहीत असतं, कारण उचल त्याच हिशेबानं वाटलेली असते. ती यादी हंगाम सुरू व्हायच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात का पोचू नये? गरोदर बायका किती, दिवस कितवे, एवढे दोन रकाने वाढवले की काम झालं. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे असं ठरलेलं आहे, तेव्हा पैशाचं तोंडही अगदीच बंद नाही. खरी अडचण आशाताईंची. त्यांची यादी गावच्या लोकसंख्येवर बेतलेली आणि मोबदला कामागणिक. हंगामात त्यांच्या हद्दीत दोनशे माणसं वाढली तर त्या बाळांच्या भेटी त्यांच्या नावावर लागल्या पाहिजेत, नाहीतर आपण त्यांच्याकडून फुकट मेहनत मागतोय. आणि दिवस भरत आलेल्या बाईला कोयता न मोडता बसू देणं हे मुकादम आणि कारखाना यांच्यातल्या करारातच यायला हवं. यावर शेतकऱ्यानं बोलायचं नाही तर कुणी? तोड लवकर मिळावी म्हणून आम्ही मुकादमाच्या किती मिनतवाऱ्या करतो! त्यात हे एक वाक्य का नसतं?

एवढं सगळं परक्यांसाठी का, असं त्या बैठकीनंतर मला एकानं जिन्यात विचारलं. मी त्याला विचारलं, वसंतदादांच्या काळापासून या भागात जे सहकारी कारखाने उभे राहिले, ज्यांच्या जोरावर शाळा, महाविद्यालयं आणि दवाखाने उभे राहिले, त्यांचा ऊस तोडला कुणी? ज्या समृद्धीमुळे आपला आकडा चांगला आहे, ती समृद्धी ज्यांच्या पाठीवर आली त्यांची बाळं आकड्याबाहेर ठेवून आपण आकडा चांगला ठेवतोय. देशानं २०१४ मध्येच ठरवलंय की २०३० पर्यंत नवजात मृत्युदर एक आकडी करायचा. काही बाळं न मोजता तो एक आकडी दाखवताही येईल. मला भीती त्याचीच वाटते.

परवा मुकादमाचा फोन आला. टोळी दिवाळी झाल्यावर निघेल, यंदाही उतरायला आमचंच रान हवंय म्हणाला. बोलता बोलता कळलं, ती पोरगीही येतेय आणि तिला पुन्हा दिवस गेलेत, सहावा महिना आहे. म्हणजे बाळ थंडीतच येणार. संध्याकाळी मी आणि घरची मंडळी आशाताईंकडे जाऊन आलो. त्यांनी वही काढली, नाव लिहिलं, अंदाजे तारीख लिहिली, आणि पत्त्याच्या रकान्यापाशी थांबल्या. मी आमच्या शेताचा गट नंबर सांगितला. त्यांनी तो लिहिला.